आदितीच्या नावाच्या सहा जागा

१२ मार्च २०२५, बुधवार

आज सह्या झाल्या. दरवर्षी सहा मुलांचा तीन आठवड्यांचा सगळा खर्च — राहणं, जेवण, पुस्तकं — आमच्याकडून. कागदावर नाव : आदिती धनपाल मगदूम शिष्यवृत्ती. नाव टाइप केलेलं बघून जरा वेळ पेन चालेना.

संयोगिता मॅडम घरीच आल्या होत्या. त्या दर मे महिन्यात कॉलेजच्या मुलांसाठी खुल्या बाजाराच्या अर्थशास्त्राचा वर्ग घेतात. आदिती एकोणिसाव्या वर्षी त्यात बसली होती. परत आली ती वेगळीच मुलगी. जेवताना प्रश्न विचारायची, आणि मला उत्तरं यायची नाहीत.

ही, आदितीची आई, चहा ठेवून आत गेली. बसली नाही. मुलगा वृषभ दुकानातून आलाच नाही.

१४ मार्च, शुक्रवार

वृषभ शेवटी बोलला. ताईच्या नावानं दवाखान्याला काहीतरी द्या, शाळेला खोली बांधून द्या, पण हे नको. आपण गुळाचे अडते. शेतकऱ्यानं माल बाजार समितीच्या यार्डात आणलाच पाहिजे, या सक्तीवर आपल्या तीन पिढ्या जेवल्या. आणि तिथं शिकवतात काय, तर ही सक्ती काढा, ज्याला जिथं विकायचं तिथं विकू दे. आपल्याच पैशानं आपल्याच पोटावर पाय.

त्याचं खोटं नाही. मी एवढंच म्हटलं की तुझी बहीण हेच शिकली होती. तो ताटावरून उठला.

१५ मार्च, शनिवार

एकदा लिहूनच टाकतो. कुणाला सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या पेपरात आदितीचा लेख आला. गुळाच्या बाजारावर. दुकानाचं नाव नव्हतं. पण गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, काट्यावर चढले की ओलाव्याच्या नावाखाली वजन कसं कमी धरतात, कोरड्या गुळालाही — ते होतं. शेतकऱ्याला आकडा दिसू नये म्हणून कोण कुठं उभं राहतं, तेसुद्धा. याला दुसरीकडे जायची वाट नाही, म्हणून हे चालतं, असं तिनं लिहिलं होतं.

ते आमच्या दुकानाचं होतं. दुपारपर्यंत सगळ्या यार्डाला कळलं, कुणाची मुलगी.

मी दुकानातूनच तिला पुण्याला फोन लावला. म्हणालो, "घरात वाढून घराचंच चोरलंस. आता या घरी यायचं नाही." ती काही बोलली नाही. मला वाटलं होतं, भांडेल.

सात महिन्यांनी तिला डेंग्यू झाला. ही म्हणाली, पुण्याला जाऊ. मी म्हटलं, ताप आहे, उतरेल. तिसऱ्या दिवशी ही एकटीच एसटीत बसून गेली. मी पाचव्या दिवशी गेलो, ते तिला आणायलाच. एकोणतीस वर्षांची होती.

२९ मार्च, शनिवार

अर्ज आले. मॅडमनी वीस निवडून मला वाचायला दिले. मी बारावी नापास, मला काय कळतंय! पण वाचत बसलो. एकानं लिहिलंय, बाबा रिक्षा चालवतात, त्यांचं भाडं दुसरं कुणी का ठरवतं?

एक अर्ज अनुजा खोतचा. मलकापूरच्या पुढं तिचं गाव. घरचं गुऱ्हाळ होतं, वडिलांनी बंद केलं. इतका राबूनही गुळात काही उरत का नव्हतं, ते एका लेखामुळं कळलं म्हणते. लेखाचं कात्रण जोडलंय.

वर आदितीचा छोटा फोटो. पान उलटवलं नाही मग.

६ एप्रिल, रविवार

मुलाखती. मी कोपऱ्यात बसून होतो. अनुजा बारीक, आवाज मोठा. मॅडमनी उलटा प्रश्न टाकला — सगळं मोकळं सोडलं तर मोठा व्यापारी लहान शेतकऱ्याला आणखी दाबेल की. ती म्हणाली, दाबेलही. पण मग शेतकऱ्याला दुसऱ्याकडे जाता आलं पाहिजे, आणि आमच्या वडिलांना तेच येत नव्हतं.

बाहेर तिचे वडील भेटले. बाळासो खोत. मी चेहरा आठवत होतो.

"वळखलं न्हाईसा? पंधरा वर्सं तुमच्याच दुकानात गूळ घालत हुतो की."

मी बसा म्हटलं. ते उभेच राहिले.

"ताईंचं ते पोरीनं वाचून दाखवलं. दुकान कुणाचं, ते मला न वाचताच ठाव हुतं." रागानं बोलले नाहीत. मग विचारलं, "पोरीला घेनार न्हाईसा मग?"

मॅडम बोलावतात असं सांगून आत गेलो.

७ एप्रिल, सोमवार

वृषभ म्हणतो, त्या मुलीचं नाव काढायला लावा, ती तिथं सगळ्यांना सांगत सुटेल. मलाही काल रात्रभर तेच वाटत होतं. लिहायला लाज वाटते. सकाळी मॅडमना फोनही लावला. मी तोंड उघडायच्या आधी त्या म्हणाल्या, अनुजा खोत पहिली आलीय, तुमची काही हरकत?

नाही म्हटलं. माझ्या चांगुलपणानं नाही. तिला नाकारायला कारण सुचलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

महावीर जयंती. मिरवणुकीत माझ्याबरोबर कुणी चाललं नाही. यार्डातल्या एका जुन्या मित्रानं बाजूला घेऊन सांगितलं, या शिष्यवृत्तीपायी पुढच्या हंगामापासून तुमच्या सौद्याला, लिलावाला, कुणी उभं राहायचं नाही, असं ठरलंय.

वृषभला दोन लहान मुलं आहेत.

२५ एप्रिल, शुक्रवार

ही आज पहिल्यांदा यावर बोलली. "हे सगळं तिच्यासाठी करताय, की तुम्हाला झोप लागावी म्हणून?"

४ मे, रविवार

वर्ग सुरू झाला. पन्हाळ्याच्या पायथ्याशी एक शाळा सुट्टीपुरती घेतलीय. पालक आले होते. वृषभ गाडी घेऊन आला होता, तो मागं दाराशी उभा.

भाषण लिहून नेलं होतं — आदिती किती हुशार, आम्हाला किती अभिमान. उभा राहिलो आणि वाचता येईना. म्हणालो, तिनं ज्या दुकानाबद्दल लिहिलं ते माझं. लिहिलेलं सगळं खरं होतं. त्यासाठी मी तिला घराबाहेर काढलं, आणि ती गेली तेव्हाही बाहेरच होती. एवढं बोललो आणि खाली बसलो.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.

बाळासो मुलीची बॅग घेऊन समोरून गेले. "आता बोलून काय, शेठ," म्हणाले. अनुजा मात्र थांबली. विचारलं, "तुम्ही ताईंना कधी सांगितलं होतं का, खरं लिहिलंय म्हणून?"

नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि वर्गात गेली.

येताना वृषभनं शिवाजी पुलावर गाडी बाजूला घेतली, थोडा वेळ बसला, परत चालू केली.

५ मे, सोमवार

दुकान उघडलं नाही. वृषभ खोलीतून बाहेर आला नाही. सूनबाई म्हणते, जेवलेले नाहीत.

६ मे, मंगळवार

सकाळी वृषभ समोर येऊन जमिनीवर बसला. म्हणाला, "आप्पा, ताई काट्याजवळ कधी उभी राहिली होती? ते सगळं मी सांगितलं तिला. लिही म्हणालो. तुम्ही फोनवर तिला नको ते बोलत होता, तेव्हा मी तुमच्या मागंच उभा होतो. त्या संध्याकाळी तिचा मेसेज आला — तू गप्प राहा, तुला त्या घरात राहायचंय."