कोपऱ्यातला डाग

३ मार्च
निश्चय. यापुढे वाइल्डलाइफ आणि लँडस्केप फोटोग्राफी सीरियसली करायची. आधी उपकरणांची निवड, मग थेट जंगल. आत्या पाय मोडून आमच्याकडे आहे, पलंगावरून उठता येत नाही. महिनाअखेर तिच्या घरी जाईल. जाताना मी काढलेला पिंगळ्याचा फोटो फ्रेम करून देणार, असा शब्द दिलाय. लहानपणी ते एवढंसं घुबड मला तिनेच दाखवलं होतं. शब्द पाळायचाच.

५ मार्च, सकाळ
टेलिलेन्स आणली. घाई नाही. जाणकार लोक आधी विटांच्या भिंतीचे फोटो काढून लेन्स पारखतात. चारही कोपरे शार्प हवेत. खिडकीसमोरच्या बंद गोदामाची भिंत उत्तम.

५ मार्च, संध्याकाळ
वीट न् वीट स्पष्ट. फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात, भगदाडापाशी, करडा डाग. लेन्स परत.

९ मार्च
दुसरी लेन्स. तोच कोपरा, आता दोन डाग. दुकानदार म्हणाला, साहेब, भिंतीतच काहीतरी असेल. विकणारे असंच बोलतात. परत.

१० मार्च
आत्या म्हणते, तिन्हीसांजेला समोरून पिंगळा ओरडतो. तिला शांतपणे समजावलं, पिंगळ्यासाठी जंगल लागतं आणि ट्रायपॉड लागतो. ती बरं म्हणाली. वय झालं आता.

१४ मार्च
ट्रायपॉड आला. कार्बनचा की अ‍ॅल्युमिनियमचा, यात आठवडा गेला. बायकोने त्यावर ओला टॉवेल वाळत घातला. हलला नाही. टेस्ट पास.

१६ मार्च
लँडस्केपसाठी वाइड लेन्स. डाग बारीक, पण आहे म्हणजे आहे.

१९ मार्च
छडा लागला. दोष भगदाडाचा. तिथली सावली कोपरा खराब करते. गोदामाच्या मालकाला गाठून सापांची भीती घातली. भगदाड बुजवायला तयार झाला. बायको विचारते, जंगलात कधी जाणार? हिला पायाभरणी कळत नाही.

२५ मार्च
गवंडी आला. म्हणाला, आत नुसती पिसं आहेत, जे होतं ते उडून गेलं. कबुतरं असणार. भगदाड बंद. खूप हलकं वाटलं.

२८ मार्च
आत्या उद्या जाणार. जंगल राहिलंच. ती म्हणाली, काढलेत तेवढे तरी दाखव. लाजत भिंती दाखवल्या, डागाबद्दल आधीच माफी मागितली. तिने चष्मा लावला, लॅपटॉप जवळ ओढला.
"डाग कसला रे? डोळे बघ की त्याचे. आणि बाजूला पिल्लू."
पाहिलं. पहिल्या लेन्सच्या फोटोत एकटा, पुढच्या प्रत्येक फोटोत दोघं सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत. मी फोकस मधल्या विटेवर ठेवला होता.

२९ मार्च
तेवढाच कोपरा कापून मोठा केला, तर पुन्हा डागच होतो. म्हणून अख्खी भिंत फ्रेम केली. आत्या ती मांडीवर घेऊन गाडीत बसली. म्हणाली, मला कुठे बघायचं ते माहीत आहे. फार वाईट वाटलं.

३० मार्च, संध्याकाळ
खिडकीत उभा राहिलो. समोर काही ओरडलं नाही. वाइड लेन्सने भिंतीचा एक फोटो काढला. चारही कोपरे शार्प, डाग नाही.
लेन्स ठेवून घेतली.