मिसबाहची खुर्ची

जळगाव, ३० नोव्हेंबर २०२५

ती. रत्नाफुईस,
नूतनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला माझं अक्षरही ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुला पत्र वाटत नाही. बाबा म्हणतात, पोस्टखातं त्यांच्या बहिणीवर आणि लेकीवरच चाललंय.

आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरला. २८ डिसेंबर, रविवार, आणि तोही तुझ्या धुळ्यात. आम्ही साठेक जण आहोत. यावलकडची पावरी वाजवणारी पोरं, पहूरचा नवल बासरीला, भजनी मंडळातली, बँडवाल्यांची, कव्वालीच्या घरातली. सुरुवातीला जो तो वरातीत असल्यासारखा जोरात वाजवायचा. अमृत सरांनी हात जोडून सांगितलं, बाबांनो, इथे नवरदेव नाही, कुणाला मांडवात पोहोचवायचं नाही.

माझ्या पेटीशेजारी मिसबाह बसते, क्लॅरनेट घेऊन. तिचे वडिलांकडचे आजोबा युसूफनाना लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. तू मला घरात पेटी शिकवलीस, तसं त्यांनी तिला शिकवलं. पाठवणीच्या चालीत आम्ही सगळे थांबतो आणि ती एकटी वाजवते. मला दर वेळी भीती वाटते, की माझं बोट चुकून पट्टीवर पडेल आणि तिचं वाजवणं नासेल.

तिच्या वडिलांना, मोईजचाचांना, मुलीनं स्टेजवर बसलेलं आवडत नाही. नानांनी त्यांच्याकडून शब्द घेतलाय, की धुळ्याला समोर बसून एकदा ऐकायचं आणि मग ठरवायचं. त्यांना पटलं तर ती पुढे वाजवणार. नाही पटलं तर क्लॅरनेट चुलतभावाच्या बँडला जाणार. तिचं सगळं या एका कार्यक्रमावर आहे, आणि ती मजेत डबा खाते. झोप माझी उडालीय.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माझी आठवण काढत राहा.

तुझी,
नूतन


धुळे, ५ डिसेंबर २०२५

चि. नूतनला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. कार्यक्रम त्या पोरीचा आणि धडधड तुझ्या छातीत. लहानपणीही शेजारच्या पोराची परीक्षा असली की ताप तुला यायचा.

मी कार्यक्रमाला येणार. शेजारची बेबाबाई म्हणते, अक्का, तुले काय ऐकू येवाव शे? मी म्हटलं, माझी भाची दिसेल ना. तेवढ्यासाठी पुढच्या रांगेत बसेन.

पेटीवर वाकून बसू नकोस. मला शिकवताना तुझे आजोबा, चुडामणआबा, पाठीत गुद्दा घालायचे. मी तुला घातला नाही, तेच चुकलं.

जेवत जा, आणि फुईला विसरू नकोस.

तुझी,
रत्नाफुई


जळगाव, २० डिसेंबर २०२५

ती. रत्नाफुईस,
शि. सा. न.

घाई आहे, म्हणून पत्र बसच्या कंडक्टरकडे देते आहे. स्टँडवरून घे.

परवा युसूफनाना गेले. दुपारी चहा मागितला आणि तो येईपर्यंत संपलं. मी काल जाऊन आले. बायकांची गर्दी होती. मिसबाहनं माझा हात धरून ठेवला. कार्यक्रमाचं मी काढलं नाही. त्या घरात तसला विषय काढायची लाज वाटली.

आबा गेले तेव्हा तू पेटीवर पांढरं फडकं टाकलंस आणि तेराव्यापर्यंत कुणाला हात लावू दिला नाहीस, ते मला आठवतं. हिच्या आजोबांना कार्यक्रमाच्या दिवशी तेवढेही दिवस झालेले नसतील. अमृत सर म्हणतात, फोन करून विचारू. मला ते बरं वाटत नाही. नाही म्हणायचं ओझं तिच्यावर कशाला टाकायचं? आणि न विचारावं, तर तिच्या वडिलांनी ऐकायचं राहून जाईल. मी काय करू ते लगेच कळव.

तुझ्या मायेवरच आहे,
नूतन


धुळे, २१ डिसेंबर २०२५

चि. नूतनला आशीर्वाद.

वाईट झालं. त्या पोरीचे आजोबा आणि गुरू एकदमच गेले.

आबांच्या वेळी तेराव्याच्या आतच भजनी मंडळाची माणसं दारात आली होती. रत्ना, एकादशीला पेटी कोण वाजवणार, म्हणून विचारत होती. ते मला अजून बोचतं. दुःखातल्या माणसाला असं विचारू नये. तू सरांना स्वतःच सांग, की ती बसणार नाही, तिला कुणी फोन करू नका. पुढच्या कार्यक्रमाला वडील ऐकतील. शब्द दिलेला माणूस आहे, कुठे पळतो?

हे पत्र त्याच कंडक्टरकडे देते. काळजी करत बसू नकोस, मी आहे.

रत्नाफुई


धुळे, २९ डिसेंबर २०२५

चि. नूतनला अनेक आशीर्वाद.

काल नीट भेट झाली नाही. तुमची गाडी लगेच निघाली आणि तू पाया पडताना वरही पाहिलं नाहीस. चेहरा का उतरला होता? वाकून मात्र बसली नाहीस.

मला ऐकू काहीच आलं नाही, पण एक गोष्ट पाहिली. माझ्या रांगेच्या टोकाला एक दाढीवाले गृहस्थ होते. शेजारी डोक्यावर ओढणी घेतलेली मुलगी, मांडीवर काळा लांबट डबा. तुम्ही सगळे थांबलात आणि तो बासरीवाला उभा राहिला, तेव्हा हिची बोटं त्या डब्यावर चालायला लागली. मी बोटांची माणूस. तिची बोटं आधी जात होती आणि त्या मुलाची मागून येत होती. नंतर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिनं हात ओढणीत घेतले.

ती कोण गं? माझ्या मनात काहीतरी येतंय आणि ते खोटं ठरावं असं वाटतंय.

वाट पाहते,
रत्नाफुई


जळगाव, १ जानेवारी २०२६

ती. रत्नाफुईस,
शि. सा. न.

तुझ्या मनात आलं ते खरं आहे. ती मिसबाह.

त्यांच्यात तीनच दिवस पाळतात, हे मला तिथे मोईजचाचांकडून कळलं. चौथ्या दिवशी मोईजचाचांनी स्वतः तिला क्लॅरनेट काढून दिलं, म्हणाले, अब्बांना शब्द दिलाय, धुळ्याला जायचं. घरात पाहुणे होते म्हणून ती तालमीला आली नाही, घरीच वाजवत राहिली. कार्यक्रमाच्या दिवशी बापलेक बसने परस्पर धुळ्याला आले. पोहोचले तेव्हा आम्ही पडद्यामागे बसलेलो. तिची खुर्ची मी काढायला लावली होती. रिकामी दिसू नये म्हणून.

सर गडबडले. नूतननं तू बसणार नाहीस असं सांगितलं, म्हणाले. तुझा भाग नवलला दिलाय, आता मागे कुठेतरी बस. मोईजचाचा शांतपणे म्हणाले, की राहू द्या, आम्ही खाली बसून ऐकतो. मिसबाहनं विंगेतून माझ्याकडे पाहिलं. मी उठून नवलला थांबवायला हवं होतं. पडदा हलला आणि मी पेटीचा भाता धरला.

त्यानंतर मी तिच्या घरी गेलेले नाही. जाववत नाही.

रागावलीस तरी लिहीत राहा.
नूतन


धुळे, ४ जानेवारी २०२६

चि. नूतनला आशीर्वाद.

सल्ला माझा होता. माझ्या घरचं दुःख मी तिच्या घराला लावलं. मला तर ऐकू येत नाही. तुला येतं, तरी आपण दोघींनी त्या पोरीला एक शब्द विचारला नाही.

रडून झालं असेल तर तिच्या घरी जा. समजूत घालू नकोस, माझं नाव पुढे करू नकोस. पुढच्या कार्यक्रमात बसशील का, एवढंच विचार.

तुझी,
रत्नाफुई


जळगाव, ११ जानेवारी २०२६

ती. रत्नाफुईस,
नूतनचा शि. सा. न. वि. वि.

काल गेले होते. दार मोईजचाचांनी उघडलं. मला वाटलं, तेच परत पाठवतील. पण त्यांनी बसवलं आणि म्हणाले, की यावलची, पहूरची, कुठकुठची पोरं एकमेकांसाठी थांबतात हे अब्बा सांगायचे, ते खोटं वाटायचं. धुळ्यात पाहिलं. माझी आता हरकत नाही, बेटी, तिलाच विचार.

मी विचारलं. नवल स्वतःहून तो भाग सोडायला तयार आहे, तेही सांगितलं. मिसबाह नाही म्हणाली.

रागानं नाही म्हणाली गं. चहा केला, माझ्या कपात साखर कमी घातली, जशी मला लागते. म्हणाली, सहा महिने शेजारी बसलो, एका डब्यात जेवलो, आणि साठ जणांतून एक फोन आला नाही. तू विचारलं असतंस तर मी हसले असते आणि येतेय म्हणून सांगितलं असतं. तुम्ही आम्हाला फार सांभाळता, नूतन, इतकं की विचारायचंच राहून जातं. क्लॅरनेट चुलतभाऊ परवाच घेऊन गेला. वडिलांनी दिलं नाही, हिनंच दिलं.

मी समजूत घालणार होते, पण तुझं पत्र आठवलं आणि उठून कप विसळला.

आज तालमीला सरांनी विचारलं, काय झालं, वडील ऐकत नाहीत का? त्यांना तसंच वाटलं होतं. तसंच वाटू देणं सोपं होतं. मी सांगितलं, वडिलांची हरकत नाही. तिला यायचं नाही, आणि ते तिनं स्वतः सांगितलंय. मग सरांनी पाठवणीची चाल काढायला सांगितली, आणि तिच्या जागेवर आम्ही सगळे थांबलो; नवलनंही बासरी उचलली नाही.

तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझी,
नूतन