गाडीचं मागचं दार

अब्बा, परवा सकाळी आम्ही कुवेतहून गाडीने बहरीनला निघतोय. नुवेसीबला सौदीची सीमा ओलांडायची, मग खाफजी, जुबेल, दम्माम आणि शेवटी समुद्रावरचा तो लांबलचक पूल. तुम्हाला हा रस्ता समजावून सांगायची गरज नाही, तुम्ही तो किती वेळा केलात ते तुम्हालाच ठाऊक. फरक एवढाच, की माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर माझीच मुलं बसणार आहेत. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय, तुम्हाला लागावं म्हणून. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, आता तुम्हाला काही लागत असेल असं वाटत नाही, तरी लिहिते.

दोन आठवडे घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याने कंप्युटरवर तक्ता केलाय: कुठे पेट्रोल, कुठे नाश्ता, कुठल्या थांब्यावर मशीद आहे, म्हणजे मुलांना नेण्यासारखं टॉयलेट आहे. पासपोर्ट, बताका म्हणजे इथली ओळखपत्रं, सौदीच्या व्हिसाचे कागद, गाडीच्या नोंदणीचं दफ्तर, सगळं एका फायलीत लावून फाइल दाराशी टांगून ठेवलीय. मुलगी आठ वर्षांची, तिला उन्हाच्या बाजूची खिडकी नको. मुलगा चारचा, तो आमच्या अब्बासियाहून सिटीत पोचेपर्यंत एकदा तरी ओकतो. त्याच्यासाठी पिशव्या, दोन जोड कपडे, तापाचं औषध आणि नळीचा पाण्याचा मग. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. त्या पसाऱ्यात बसून मुलगी मला विचारते, "ममा, डिड यू गो ऑन रोड ट्रिप्स?" मी म्हटलं, "नाही. माझ्या अब्बांनी मला कधीच कुठे नेलं नाही." ती म्हणाली, "बट ही वॉज अ ड्रायव्हर, ना?" फटकळपणा तिने माझ्याकडून घेतलाय. मी तिला मोजे शोधायला आत पाठवलं.

मी जन्मले त्याच वर्षी तुम्ही इथे आलात, बनेद अल-गारच्या त्या कुवेती घरात, चार मुलांना शाळेत सोडायला आणि आणायला. पुढची पंधरा वर्षं तुम्ही त्यांना सगळीकडे नेलंत. शाळा, दवाखाना, वाळवंटातला तंबू, उमऱ्यासाठी मक्का, सुट्टीत बहरीन. आम्ही दोघं, मी आणि धाकटा भाऊ, कोकणात खाडीकाठच्या घरात फोटो बघायचो. फोटोत तुम्ही नसायचातच, कारण फोटो तुम्ही काढायचात. नुसती ती चार गोरीगोमटी पोरं आणि मागे गाडी. दोन वर्षांतून एकदा तुम्ही रजेवर यायचात आणि झोपायचात. मी कितवीत आहे हे तुम्ही दर वेळी अम्मीला विचारायचात, आणि मी शेजारीच बसलेली असायचे. आणि शेवटी गेलात तेही इथेच. तुमच्या जनाज्याला खांदा त्या घरातल्या मुलांनी दिला. आम्हाला तुमचं तोंडही दिसलं नाही, अब्बा. याचा राग मी कुणावर काढायचा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

इथे येऊन मला सहा वर्षं झाली. त्या घरातल्या थोरल्या मुलीने अम्मीकडून माझा नंबर घेतलाय. दर ईदला तिचा मेसेज येतो, मी दोन शब्दांत उत्तर देते आणि विषय संपवते. या वेळी तिने चहाला बोलावलं आणि नवरा म्हणाला, जाऊन ये, त्यांना रस्त्याची माहिती असेल. गेले. चाळिशीची बाई, आता स्वतःच तीन मुलांची आई. दारातच तिने माझे दोन्ही हात धरले आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुम्हारा आँख बिलकुल बाबा का आँख." बाबा म्हणजे तुम्ही. त्या घरात तुम्हाला बाबा म्हणायचे, हे मला तेव्हा कळलं. मग चहा, खजूर, आणि मुलांना घेऊन लांब कसं जायचं याचा धडा. ओकणाऱ्या मुलाला पुढे बघायला लावायचं, मोबाईल द्यायचा नाही. भूक लागायच्या आधी काकडी द्यायची, मीठ लावून. मूल शू म्हणायच्या आधी गाडी थांबवायची, म्हटल्यावर नाही. "बाबा सब मालूम. मेरा भाई रोता, तो बाबा ऊँट गिनता." आणि सोफ्यावर बसल्या बसल्या ती बाई मराठीत मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. एकोणीसपर्यंत न अडखळता गेली, वीसला हसली. माझ्या मुलीला दहाच्या पुढे येत नाही. माझा चहा तसाच राहिला.

निघताना ती खाली गाडीपर्यंत आली. मी आत बसले, तिने माझं दार धरलं आणि लावायच्या आधी वाकून विचारलं, "हात भितर?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती समजावायला लागली. एकदा तिच्या भावाचं बोट दारात चेमटलं, तेव्हापासून बाबा कधी कुणाला दार लावू द्यायचे नाहीत. स्वतः उतरून यायचे, दाराशी उभे राहून विचारायचे, हात भितर? चौघांनी ओरडून "भितर!" म्हटल्याशिवाय दार लागायचं नाही. आपल्या मुलांनाही ती हेच विचारते म्हणे. कुवेती पोरं आपल्या गावच्या बोलीत ओरडतात, भितर. मी खूप छान, खूप छान म्हणाले आणि गाडी काढली. पहिल्या सिग्नलला मागचे लोक हॉर्न वाजवेपर्यंत दिवा हिरवा झालेला मला दिसला नाही.

हे सगळं तुमच्याकडे होतं. मीठ लावलेली काकडी होती, उंट होते, सबूर होती. ते तुम्ही रोज खर्च करायचात आणि आमच्याकडे यायचात तेव्हा तुमच्यात काही उरलेलं नसायचं. पोटासाठी केलंत, मला कळतं, मी काही लहान नाही. पण कळतं म्हणून कडूपणा जातो असं कुणी सांगितलं?

आज दुपारी नवरा मुलांना घेऊन टायरची हवा बघायला गेलाय, म्हणून हे लिहायला बसले. जाण्याआधी खाली मुलांच्या सीट बसवून बघितल्या. मुलगा पट्ट्यात अडकून बसला, मी दार लावायला हात घातला आणि माझ्याच तोंडून निघालं, "हात भितर?" तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याला उत्तर माहीत नव्हतं. असंच बघत राहिलेलं एक पोर मी आधी पाहिलंय, अब्बा. म्हणून आता ते लिहायला हवं.

तुमच्या शेवटच्या रजेत तुम्ही वाडीतल्या एकाची जीप मागून आणलीत. मी नववीत होते. शाळेत मी सांगून ठेवलं होतं की माझे अब्बा कुवेतला तेल कंपनीच्या ऑफिसात साहेब आहेत. सकाळी तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलात, अम्मीला म्हणालात, "पोरांना गुहागरचा दर्या दाखवून आणतंय." भाऊ उडी मारून आत बसला. तुम्ही दाराशी उभे राहून त्याला विचारलंत, हात भितर? त्याला काही कळेना, तो बघत राहिला. मग तुम्ही माझ्यासाठी दार धरलंत, जरा वाकून, दुसरा हात मागे घेऊन, आणि म्हणालात, "चल बाय, बस." समोरच्या ओटीवर माझ्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. त्यातली एक हसली. तुमच्या त्या उभं राहण्यावरून कुणालाही कळलं असतं तुम्ही काय करता ते. मी मोठ्याने म्हटलं, "मी नाय येत. तुमच्या तिकडच्या पोरांना न्या फिरवायला."

भावाला उतरवलंत, दुपारभर जीप धुतलीत आणि परत देऊन आलात. भावाला तर ते आठवतही नाही. अम्मीने कधी काढलं नाही. वर्षभरात तुम्ही गेलात.

खाली गाडी आल्याचा आवाज येतोय. हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवला नसता. मुलीला मी खोटं सांगितलं. तुम्ही मला नेणार होतात, दार धरून उभे होतात. मी बसले नाही.