कार्डवाल्या काकूंचं दुसरं मृत्युपत्र

मी, खाली सही आणि अंगठा करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा हाताने शुभेच्छापत्रं करणं, राहणार याच घरात, असं लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणि कोणी आणायचा म्हटला तरी आता दबायचंही त्राण माझ्यात राहिलेलं नाही. डॉक्टरीणबाई समोर बसल्या आहेत. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. गेल्या वर्षी झटका येऊन माझा उजवा हात अधू झाला, म्हणून मी सांगते आहे आणि आम्हाला कार्डांचा कागद पुरवणारे जुने कागदवाले लिहून घेत आहेत. अक्षर त्यांचं चांगलं आहे, फक्त मधे मधे "हे पण लिहू का?" म्हणून थांबतात. सगळं लिहा, असं त्यांना बजावलं आहे.

हा खटाटोप करण्याचं कारण एकच. माझ्यामागे माझ्या सुनेला या घरातून कोणी बाहेर काढू नये. तिचा आणि माझ्या मुलाचा कायद्याने घटस्फोट झाला आहे. वकीलबाई म्हणाल्या, "सून" लिहून चालणार नाही, "मुलाची पूर्वीची पत्नी" असं लिहावं लागेल. ते इथे एकदा लिहिलं. पुढे मी तिला सूनच म्हणणार आहे, कारण इतकी लांबलचक हाक मारायला मला दम पुरत नाही.

याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते का रद्द झालं हे माझ्याच तोंडून कळलेलं बरं, नाहीतर माझे दीर भलतंच काहीतरी पसरवतील. वकीलबाईंनी सगळं टाइप करून आणलं, साक्षीदार आले, मी सही केली. सोबत अंगठाही हवा म्हणाल्या, म्हणून मी सवयीने टेबलावरचं तपकिरी पॅड पुढे ओढलं. ती आमची कामाची शाई, सावकाश वाळणारी. अंगठा उमटला, पण एका कडेला शाई जास्त लागली. ते काही मला बघवेना. बाकीचे बोलण्यात गुंतले होते तेवढ्यात मी स्पंज घेतला आणि ती शाई गोल गोल फिरवत कागदात अशी मिसळली की कुठून सुरू झाली आणि कुठे संपली ते कळू नये. अंगठ्याच्या रेषाही त्यात गेल्या आणि शेजारच्या सहीचं शेपूटही. वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. असला कागद कोर्टात टिकणार नाही म्हणाल्या. कार्ड म्हणून बाकी तो फार चांगला झाला होता. आज त्यांनी स्वतःचं पॅड आणलं आहे आणि आमचे स्पंज दुसऱ्या खोलीत ठेवायला लावले आहेत.

१. धंद्याविषयी. माझ्या नवऱ्याचा धंदा रबरी शिक्के करण्याचा होता. "पोच", "रद्द", "खरी प्रत" असले शिक्के कोरून कोरून ते कंटाळले होते. एक दिवस शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून एक मुलगी वैतागून बाहेर आली आणि आमच्या पायरीवर टेकली. तिचे वडील कारखान्यात फिटर, निवृत्त होणार होते. त्यांना कार्ड द्यायचं तर दुकानात गुलाब, रिबिनी आणि चमकी यांशिवाय काही नाही. हे दिलं तर बाबा विचारतील कोणाचं लग्न आहे, असं ती म्हणाली. यांनी तिथल्या तिथे रबराच्या तुकड्यावर एक पाना कोरला. मी जाड कागद दुमडला, पाना काळ्या शाईत उमटवला, वाळू दिला आणि भोवती निळी शाई फिरवली. मुलगी कार्ड घेऊन गेली आणि आठवड्याने मैत्रिणीला घेऊन आली. पुरुषांची कार्डं करणारं दुकान ते हे. वडील, भाऊ, नवरा, साहेब, ज्यांना काय द्यावं ते कोणालाच कळत नाही अशांची.

स्टेशनरीवाल्याने आमची कार्डं ठेवून घेतली, पण सगळ्यात खालच्या फळीवर, झाडूच्या मागे. पुरुषांना कार्डं देतो कोण, असं तो मलाच विचारायचा. त्याला मी काहीही ठेवत नाही, आणि हे विसरून नाही तर आठवणीने लिहिलं आहे.

२. शिक्के, शाया आणि स्पंज. पाना, सायकल, चष्मा, छत्री, होडी, गळ, कंदील आणि बाकी डब्यात असतील ते सगळे लाकडी मुठीचे शिक्के सुनेला. शायाही तिला. प्रत्येक शाईचा स्पंज वेगळा आहे, ते तिला सांगायला नको, पण तिच्यानंतर जो कोणी येईल त्याच्यासाठी लिहून ठेवते: स्पंज एकदम कार्डावर टेकवायचा नाही, डाग पडतो आणि तो जन्मात निघत नाही. कार्डाखाली रद्दी कागद घ्यावा, स्पंज आधी त्याच्यावर टेकवावा आणि तिथूनच फिरवत फिरवत कडेवरून आत यावं. आधी फिकट, मग गडद. हात हलका ठेवावा. जोर लावून काही होत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

३. कागद कापायचं यंत्र दिरांना. त्यांनी ते एकदा दोन दिवसांसाठी म्हणून नेलं, पावसाळाभर ठेवून घेतलं आणि पात्याला खाच पाडून परत आणून दिलं. मी होतो म्हणून एवढ्यावर भागलं, दुसऱ्या कोणाकडे असतं तर पातं आधीच मोडलं असतं, असं वर ऐकवलं. त्या दिवसापासून आमचं प्रत्येक कार्ड एका जागी जरासं फाटतं आणि सून ते कानशीने घासत बसते. यंत्र पात्यासकट त्यांच्या घरी पोचतं करावं. सुनेने नवं घ्यावं.

४. समोरच्या बाईंना, ज्या दरवेळी "एक असंच द्या हो, तुम्हाला काय, घरचंच आहे" म्हणून कार्ड उचलून नेतात, गुलाबाचा शिक्का द्यावा. तो कोणीतरी आम्हाला भेट दिला होता. आता घरचंच आहे त्यांचं.

५. सून. ती लग्न होऊन आली तेव्हा शाईजवळ फिरकायची नाही, कपड्यांना डाग पडतील म्हणून. हे गेले आणि मी टेबलाशी नुसती बसून राहायला लागले, तेव्हा एक दिवस ती मुकाट्याने समोर येऊन बसली आणि कागद दुमडायला लागली. पुढे त्या दोघांचं बिनसलं. का बिनसलं ते मी विचारलं नाही आणि दोघांनीही सांगितलं नाही. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला तो तिकडचाच झाला. ती दोन दिवस राहते म्हणाली. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत. माहेरी भावांचे संसार आहेत आणि तिथे तिला झोपायला जागा म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेवर. मग मला झटका आला. तेव्हापासून माझी वेणी, माझी बटणं, माझं औषध सगळं तिच्याकडे आहे. मी उपकार मानायला लागले की ती म्हणते, "काकू, तो स्पंज द्या इकडे."

६. मुलगा. मुलगा वाईट नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको. तो मला कधी उलट बोलला नाही. औषधाचे पैसे न सांगता पाठवतो. पहिलं मृत्युपत्र बिघडल्यावर मी त्याला बोलावून घेतलं. वकिलाकडून कळण्यापेक्षा आईकडून कळलेलं बरं. तो आला, टेबलाशी बसला. घर तिला देते आहे असं मी सांगितलं. तो ओरडला नाही. त्याचे वडीलही ओरडायचे नाहीत. होडीचा शिक्का हातात घेऊन फिरवत राहिला आणि एवढंच म्हणाला,

"आई, ती आता आपली कोण?"

सून आतल्या खोलीत होती. आमच्या भिंती पातळ आहेत. तो चहा न घेता उठला आणि गेला. त्याचं उत्तर आता सांगते, कागदवाले, लिहा. जिला माझ्या पाठीला कुठे खाजतं आहे ते न सांगता कळतं, ती माझी कोण, हे कोर्टाने ठरवू नये आणि मुलानेही ठरवू नये.

त्याला घर गेल्याचं वाईट वाटलं नाही, त्याला मी बाजूला काढलं असं वाटलं. काढलेलं नाही. बँकेत माझ्या नावाने जे काही असेल ते सगळं त्याचं. यांची शिक्के कोरायची हत्यारंही त्याचीच. लहानपणी तो यांच्याजवळ बसून कोरायचा आणि त्याचा हात माझ्यापेक्षा, यांच्यापेक्षाही चांगला चालायचा. शिक्के तिच्याकडे आणि हत्यारं त्याच्याकडे, मग झिजलेले शिक्के नव्याने कोरायचे कोणी, असं वकीलबाईंनी विचारलं. ते त्या दोघांनी बघावं. मला आता सगळंच ठरवायचा कंटाळा आला आहे.

७. घर. मुलगा गेल्यावर सून बाहेर आली. अर्धवट राहिलेलं कार्ड तिने पुढे ओढलं आणि कडेने हिरवी शाई फिरवायला लागली. ते पुरं झालं, वाळत ठेवलं, मग बोलली.

"मला घर नको. त्यांचं त्यांना द्या. आई-मुलांत वाकडं यायला नको माझ्यामुळे. मला फक्त हे टेबल द्या, मी कुठेतरी खोली बघते."

मी तिला समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ती ऐकेना. तिच्यापुढे मी हात टेकले. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला आणि दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, बरं बाई, तुझ्या मनासारखं होऊ दे. टेबल घेशील ना? नंतर नाही म्हणणार नाहीस? कागदवाल्यांसमोर आणि डॉक्टरीणबाईंसमोर सांग. तिने दोघांसमोर सांगितलं, टेबल घेईन, शब्द देते.

आता टेबलाविषयी लिहून ठेवते. ते टेबल यांनी या खोलीतच जोडलं. जुन्या दाराच्या फळ्या, खाली लोखंडी चौकट, सगळं इथेच आत आणून ठोकलं, आणि ठोकून झाल्यावर यांच्या लक्षात आलं की ते दारातून निघत नाही. खिडकीतूनही नाही. तिरकं केलं, आडवं केलं, पाय काढायचे म्हटलं तर ते जोडून टाकलेले. यांनी कपाळावर हात मारला आणि आम्ही दोघं हसत बसलो होतो. ते कापल्याशिवाय बाहेर जाणार नाही, आणि ते कापू नये असं मी याद्वारे बजावते.

म्हणून माझी इच्छा अशी: टेबल सुनेला. टेबल ज्या खोलीत आहे ती खोली सुनेला. ती खोली ज्या घरात आहे ते घर, अंगण, नळ आणि वरची टाकी यांसह, सुनेला, पूर्ण मालकीने.

हे वाचून दाखवलं तेव्हा तिने टेबलाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "तुम्ही मला फसवलंत," म्हणाली. हो म्हटलं. शब्द दिलेला आहे, तिचा शब्द ती खाली पडू देत नाही.

८. माझ्यामागे शोकाची छापील कार्डं वाटू नयेत. सुनेला उसंत असेल तर तिने चार हाताने करावीत, राखाडी रंगात. नसेल तर लोकांना फोन करावा. डोळे दान करावेत. दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडण्याइतके ते अजून बरे आहेत. फार लोक बोलावू नयेत. आलेल्यांना उभं ठेवू नये.

९. वरचं सगळं लिहून झाल्यावर सून म्हणाली, एक गोष्ट घाला. मला वाटलं, आता ही पुन्हा घर परत करते. तिने सांगितलं ते असं: त्यांना या घरात केव्हाही येऊन राहता यावं, आणि त्यासाठी मला विचारावं लागू नये. वकीलबाई म्हणाल्या, हे कलम म्हणजे उद्याच्या भांडणाला आमंत्रण आहे, काढून टाका. सून म्हणाली, राहू दे. मीही म्हटलं, राहू दे. तेव्हा मुलाला या घरात केव्हाही येण्याचा आणि राहण्याचा हक्क राहील, तो हयात असेपर्यंत, न विचारता.

इथे माझं सांगणं संपलं. वाचून दाखवलं, समजलं, पटलं. डोळे मिटायला आता हरकत नाही, पण आधी जरा पाठ टेकते.

सही आणि डाव्या हाताचा अंगठा : कार्डवाल्या काकू
(अंगठ्याला नंतर कोणी हात लावलेला नाही. वकीलबाईंनी खात्री केली.)

साक्षीदार :
१. कागदवाले, लिहून घेणारे. सही
२. डॉक्टरीणबाई. तपासलं, शुद्धीत आहेत. सही

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ९ सप्टेंबर, दुपारी

मुलाने वाचल्याची सही : ____________

वकीलबाई म्हणतात, या सहीची कायद्याला गरज नाही. मला आहे. आज निरोप धाडला होता, तू आला नाहीस, म्हणून जागा मोकळी ठेवली आहे. माझ्यानंतर केलीस तरी चालेल, पण मी असेपर्यंत आलास तर फार बरं होईल, बाळा.