ओंदितीच्या खुर्चीत बसलेलं ऊन

वन्सं, त्या सकाळी मी अंगण झाडलं, कोंबड्या सोडल्या, ओमेना मासळी वाळत घातली, चुलीवर पेज चढवली आणि पेज ढवळता ढवळता तुमच्या भावाच्या विजेच्या सायकलची बॅटरी पलंगाखालून ओढून काढली. (नमस्कार राहिलाच. थोरल्या नणंदेला धाकट्या भावजयीचा, म्हणजे अकेयोचा, वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? नाकुरूची थंडी त्यांना मानवायची नाही, हे मी आधीच म्हटलं होतं. मी बरी आहे. दोन्ही वेळा जेवते. रडणं आता रोजचं राहिलं नाही, रविवारचं आहे, कारण रविवारी तो घरी असायचा.)

तुमचं पत्र पोचलं. सायकल विकून टाक, बॅटरी भंगारात दे आणि माझ्याकडे राहायला ये. ज्या घरात माणूस नाही आणि दिवा नाही ते घर नव्हे, नुसत्या भिंती, असं तुम्ही लिहिलंत. उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर देण्याआधी निदान दिव्याची तरी सोय करावी म्हटलं. माणसाची सोय माझ्या हातात नाही.

बॅटरी मी का काढली ते सांगते. ओंदिती दिवसभर सरोवराकाठच्या गावांतून पाव पोचवायचा, संध्याकाळी धक्क्यावरच्या दुकानात बॅटरी भरून आणायचा आणि चोरांच्या भीतीनं पलंगाखाली ठेवायचा. झोपताना तिचं बटण दाबायचा. हिरवे ठिपके लागले की म्हणायचा, उद्याचं भागलं. तो गेल्यावर मीही रोज दाबत होते. ठिपके एकेक करून कमी होत गेले आणि एके रात्री एकही लागला नाही. वन्सं, मयताच्या दिवशी मी धीर सोडला नव्हता. त्या रात्री सोडला.

चर्चमधल्या बायकांच्या भिशीत मला सूर्याचं पॅनेल लागलं होतं. त्याला एक तांबडी तार, एक काळी. बॅटरीलाही एक तांबडी, एक काळी. मिशनच्या बाजारातून आणलेला ज्ञानकोशाचा पहिला खंड मी अथपासून इतिपर्यंत वाचलाय, हे तुम्हाला ठाऊक आहे (इति म्हणजे खंडाची, ज्ञान पुढच्या खंडांत असावं). त्यातली बॅटरी काचेच्या बरणीतली आहे, माझ्या आजीच्या वयाची. तरी तेवढ्यावर भरवसा ठेवून मी तांबडीला तांबडी जोडली, काळीला काळी, आणि पेजेकडे वळले. पेज उतरवून बघते तर बॅटरी पेजेहून गरम, आणि वास कसा, तर नखं रंगवण्याच्या बाटलीसारखा गोडसर. पहिल्या खंडात याबद्दल काहीच नव्हतं. मी काठीनं तारा ओढून काढल्या आणि लांब दांड्याच्या कुदळीनं बॅटरी ढकलत ढकलत छपरापासून दूर, अंगणाच्या मधोमध नेली. शेजारी जमले. चुलत सासरे ओगोला बादलीभर पाणी घेऊन धावत आले, त्यांना मी कुदळ आडवी धरून अडवलं. पाद्रीबाबांनी लांबूनच प्रार्थना केली, इतक्या लांबून की देवालाही पुढे झुकून ऐकावं लागलं असेल. बॅटरी निवेपर्यंत कुणी जवळ गेलं नाही. पेज मात्र सगळ्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी लोखंडी हंड्यात वाळू भरून तिला वाळूत बसवली आणि बैलगाडीतून होमा बे गावाला निघाले. हंडा गाडीच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मधे भीती. लग्न होऊन या घरी आले तेव्हा तुमचा भाऊ आणि मी असेच बसलो होतो, आठवतं ना?

तिथे नेरेआ नावाच्या बाईचा कारखाना आहे. बाई आडव्या अंगाची, आवाज होडीच्या भोंग्यासारखा. सायकलींच्या जुन्या बॅटऱ्या उघडून ती घरच्या दिव्यांसाठी नव्या बांधते. मी काय काय केलं ते ऐकून तिनं हातातलं सगळं खाली ठेवलं.

"आई, तुम्हाला दिव्याखाली वाचायचं होतं की नवऱ्याला भेटायचं होतं?"

मी म्हटलं, "ते दिवसावर आहे."

मग ती ओरडायची थांबली आणि तिनं मला स्टूल दिलं. बॅटरी पलंगाखाली असायची हे मी सांगितलं, तेव्हा मात्र स्टूल तिलाच लागलं. आत बोटाएवढे सेल असतात, वन्सं, पुष्कळ. तिनं हातमोजे घालून बॅटरी उघडली, एकेक सेल यंत्राला लावला आणि तो अजून किती साठवतो ते पाहिलं. निम्मे मेलेले निघाले, ते वेगळ्या डब्यात गेले. जिवंत होते त्यांच्याशी जुळतील असे सेल एंबिता गावच्या कुणा कोंबडीविक्याच्या बॅटरीतून घेतले. न जुळणारे एकत्र बांधले की एकमेकांना खातात म्हणे (संसारात आपण हे यंत्राशिवाय शोधतो). त्यावर सेल तापू लागले की वीज तोडणारी राखणीची नवी पट्टी, मधे फ्यूज, आणि पॅनेलकडून येणारी वीज मोजूनमापून आत सोडणारी एक डबी. हे सगळं लोखंडी पेटीत, आणि पेटी बाहेरच्या भिंतीवर. झोपायच्या खोलीत नाही. हे तिनं माझ्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. पेटी बंद करण्याआधी मी विचारलं, यातले ओंदितीचे कोणते? ती हसली नाही. तिनं खणातून नखं रंगवायची बाटली काढली आणि त्याच्या सेलांना तांबडा ठिपका लावला.

आता छपराची गोष्ट. विधवेच्या छपराला आपल्याकडे उगाच कुणी हात लावत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं? पॅनेल छपरावर ठोकायचं म्हटल्यावर ओगोला येऊन बसले. "सूनबाई, छपराला ज्या पुरुषाचा हात लागतो, त्याला घरात ताट वाढावं लागतं." म्हणजे आधी मी दुसरा नवरा करायचा, मग खिळा. मी म्हटलं, छप्पर गळत नाही, दुरुस्ती नाही, नुसती एक पाटी ठेवायची. ते म्हणाले, खिळा तो खिळाच. बातमी फिरली आणि दोन दिवसांत तो खोकणारा विधुर ओबुंगा नवा सदरा घालून शिडीसकट दारात हजर. त्याला मी पेज दिली, खोकल्यावर मध दिला आणि सांगितलं की मला उंचीची अडचण आहे, एकटेपणाची नाही. तो गेला. शिडी आहे.

मग मी म्हटलं, कोंबड्यांच्या खुराड्यावर पॅनेल ठोकू. ओगोलांनी बराच विचार केला. "कोंबडा कुठेय?" कोंबडा मयताच्या जेवणात गेला होता. "मग त्याही विधवाच," ते म्हणाले, आणि वन्सं, म्हातारा हसत होता की नव्हता हे मला अजून कळलेलं नाही.

तोवर पॅनेल ओंदितीच्या खुर्चीत बसवलंय. सकाळी आंब्यापाशी, दुपारी अंगणात, कलत्या उन्हात कुंपणाकडे, अशी मी खुर्ची उन्हामागे हलवत असते. येणारे जाणारे खुर्चीला नमस्कार करतात, सवयीनं. मी आतून ओ देते.

दिवा लागतो. बाहेरच्या पेटीवरचा हिरवा ठिपका खिडकीतून पलंगावरून दिसतो. तेव्हा मी नाकुरूला येत नाही. रागावू नका. तुम्ही बोलावलंत म्हणूनच मला दिव्याची घाई झाली.

तुमची धाकटी,
अकेयो

ता. क. ओगोलांचा निकाल लागला. घरच्या लेकीनं माहेरी कोंबडा आणला, तर खुराडं विधवेचं राहत नाही आणि त्यावर कुणीही खिळा ठोकावा. घरची लेक एकच आहे. कोंबडा धिप्पाड बघा. पाऊस लागायच्या आत या, खुर्ची भिजेल.

ता. क. दुसरा. कोंबडा द्यायला आलात म्हणून लगेच परतायचं नाही. घेवडा निघेपर्यंत राहा. तुमच्याही घरात आता कुणी नाही, आणि लहानपणी तुम्ही कंदील विझवू द्यायच्या नाहीत, हे ओंदितीनं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलंय. इथे आता रात्रभर हिरवा ठिपका असतो.

ता. क. शेवटचा. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी पुस्तक उघडलं नाही, नुसती बसले. दुसऱ्या दिवशी ओंदितीच्या बाजूची गादी बाहेर काढली आणि उन्हात टाकली.