बापकच्या नावाची हज

प्रिय झैनुरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "एमाक, हज करून आलीस, मग आवाज असा बसलेला का?" मी म्हटलं, घसा धरलाय. आई असून खोटंच बोलले. फोनवर जे तोंडातून निघत नाही ते लिहायला घेतलंय. अक्षर वेडंवाकडं आहे, लावून वाच.

इकडे बरं आहे. मिठागरात यंदा मीठ चांगलं धरलं, तुझा मामा बघतो सगळं. शेजारची वारसिती रोज दारातूनच ओरडते, "काय हाजीणबाई, आमच्या हातची सुकी मासळी अजून चालते ना, की मक्केहून डबा येतो?" सगळ्या हसतात. मीही हसते. पण 'हाजीण' ऐकलं की दुसऱ्याचे कपडे अंगावर घालून फिरतेय असं वाटतं.

हजची ती जागा तुझ्या वडिलांची, आपल्या बापकची होती. बावीस वर्षं यादीत नाव होतं त्यांचं. ते गेल्यावर नियमाप्रमाणे माझ्याकडे आली. जिथून हज सुरू होते त्या मक्केच्या हद्दीजवळ विमान आलं तेव्हा आमच्या गटाच्या उस्तादांनी सगळ्यांना नियत बोलायला लावली. आपल्याकडची पद्धतच ती. रोजा असो की हज, मनातला निश्चय ओठांवर आणायचा. सगळ्यांनी आपापल्या हजची नियत केली. मी हळूच त्यात बापकचं नाव घातलं. जागा त्यांची, तर हजही त्यांचीच, एवढंच मला कळत होतं. अराफातच्या मैदानात, उन्हात दिवसभर त्यांच्यासाठी दुआ मागत राहिले. नंतर मदिनेत उस्तादांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आधी स्वतःची हज, मग दुसऱ्याची. नाव तुम्ही कुणाचंही घेतलं असेल, ती तुमचीच झाली." घरी येऊन बापकची पुस्तकं काढली, बोट ठेवत ठेवत वाचली. तेच लिहिलंय.

आता जे कधी बोलले नाही ते. तुला वाटतं, नंबर लागायच्या आतच बापक गेले. तसं नाही. जायच्या दोन वर्षं आधीच त्यांचा नंबर लागला होता. तू कामासाठी जेद्दाला निघालास त्याच्या आदल्या दिवशी अंगणात काय बोललास, आठवतं? "बापक, तुम्हाला अल्ला नकोच आहे. हाजीची पांढरी टोपी हवीय, मशिदीत पहिल्या रांगेत मिरवायला." पुढे हजच्या कचेरीतून नंबर लागल्याचं पत्र आलं, गाव लोटला, गळाभेटी झाल्या. तिसऱ्या दिवशी ते एकटेच कचेरीत गेले आणि 'यंदा नको' म्हणून सांगून आले. मी खूप भांडले. तर म्हणाले, "पोरगा खोटं नाही बोलला गं. डोळे मिटले की मला टोपीच दिसते. आधी ती जाऊ दे." मग पहाटे बांगेच्या आधी जाऊन मशीद झाडायला लागले. कुणी पाहिलं की पुढचे चार दिवस जायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा 'यंदा नको'. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "आता जाईन वाटतं." आणि महिन्याभरात मिठागराच्या बांधावर बसल्याबसल्या गेले.

त्यांनी तुझ्यावर राग धरला नाही. मी धरला. इतकी वर्षं तुझ्याशी जेवलास का, ऊन किती आहे, एवढंच बोलत राहिले, ते रागानेच.

माझा नंबर या जन्मी पुन्हा लागायचा नाही. तू तिथे आहेस, तुझी स्वतःची हज केव्हाच झाली आहे. या घरात बापकच्या नावाने हजला उभा राहू शकेल असा तू एकटाच. म्हणून हे पत्र. पण हे वाचून लगेच निघू नकोस. मला बरं वाटावं म्हणून नको, त्या शब्दांची भरपाई म्हणूनही नको. मन अजून कडू असेल तर थांब, वर्षं जाऊ देत. ज्या वर्षी त्यांचं नाव घेताना फक्त तेच आठवतील, तू नाही, मी नाही, त्या वर्षी नियत कर. मी कधी विचारणार नाही. आणि केलीस, तर मलाही कळवू नकोस.

तुझीच,
एमाक