इतर आजार : नाही

अण्णा,

तुम्ही गेल्याला सतरा वर्षं झाली, आणि तुमच्यावरचा माझा राग मात्र आता आता कुठं वर यायला लागलाय. माणूस गेलं की लोक त्याचं चांगलं तेवढंच बोलतात. सोनपेठच्या स्टँडवर जुने ड्रायव्हर भेटले की अजून म्हणतात, "कंट्रोलर साहेबाचा आवाज म्हंजे आवाज. परभणी गाडी लागली म्हणले की झोपलेला माणूस पिशवी घेऊन उभा ऱ्हायचा." मी हसून मान हलवते. दिवसभर लाऊडस्पीकरवरून सगळ्या तालुक्याला गाड्या सांगणारा माझा बाप माझ्या आजाराबद्दल मात्र जन्मभर कुजबुजतच बोलला, हे त्यांना काय सांगायचं.

मी बावीस वर्षांची होते. डी.एड. झालं होतं, नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत होते. सकाळी उठले की हाताची बोटं मिटायची नाहीत, आणि मिटली तर उघडायची नाहीत. एक दिवस तुमच्या हातात चहा देताना कपबशी सुटली आणि गरम चहा तुमच्या खाकी पँटवर सांडला. तुम्ही ओरडला नाहीत, माझ्या बोटांकडं बघत राहिलात. आठ दिवसांनी मला घेऊन थेट हैदराबादला गेलात. परभणीत दवाखाने नव्हते का? नांदेड काय लांब होतं? पण तिथं तुमचे ओळखीचे भेटले असते. घरी सांगितलंत, पोरीच्या लग्नाची थोडी खरेदी आधीच करून ठेवतो. ते खोटं ठरू नये म्हणून परत निघायच्या दिवशी मला बांगड्यांच्या दुकानातही नेलंत. दुकानदारानं माझा हात दाबला आणि मी कळवळले. सुजलेल्या सांध्यांवरून एकही बांगडी चढेना. तरी तुम्ही दोन डझन घेतल्या.

ते म्हातारे डॉक्टर चांगले होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. हा साधा वात नाही, शरीराची राखण करणारी ताकद आपल्याच सांध्यांवर उलटली आहे, आणि तिला आवरणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बेटी, गोली अपने मन से बंद नक्को करना. और कोई भी बुखार को डाक्टर के पास गए तो पहले ये कागज दिखाना." तो कागद तुम्ही घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलात. नंतर मला तो कधीच दिसला नाही.

घरी आल्यावर शेजारच्या मैत्रिणीला मी सगळं सांगून टाकलं. का सांगू नये? आजार होता तो, चोरी नव्हती. संध्याकाळी तुम्ही ड्युटीवरून आलात ते तडक स्वयंपाकघरात. माय भाकरी थापत होती. चुलीच्या जाळाकडं बघत तुम्ही हळूच म्हणालात, "तुला अक्कल हाय का न्हाई? उद्या गावभर होईल. कोण करील तुला? पुन्हा ह्या घरात त्या आजाराचं नाव निघालं तर बघ." मायचा हात थांबला, तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही ओरडला असतात तर मी उलट बोलले असते. त्या हळू आवाजापुढं मी खाली बसून करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

मी ऐकलं, अण्णा. अठरा वर्षं ऐकलं. लग्न झालं, ताडकळसला आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. नवरा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायच्या दुकानात दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळायचा, सासू घरात. आठवड्याला एकदा घ्यायची गोळी मी रविवारी न्हाणीत पाणी सोडून घ्यायचे. रोजच्या गोळ्या कपाटात, घडीच्या साड्यांच्या मागं, पावडरच्या रिकाम्या डब्यात. बोट सुजलं की "दारात चेंगरलं", पायाला लंगड आली की "चप्पल चावली". फळ्यावर लिहिताना खडू सुटायचा तेव्हा पोरं उचलून द्यायची. औषध आणायला परभणीला जायचे, तेही दर वेळी वेगळ्या मेडिकलात. इतकं खोटं मी बोलले की खरं काय ते बोलायची सवयच मोडली.

मग कोरोना आला. तुम्हाला हे नाव माहीत नाही, बरं झालं. सगळं बंद झालं, एसटीसुद्धा. तुमचा स्टँड ओस पडला होता म्हणे, फलाटावर कुत्री झोपलेली. माझी एक गोळी संपली आणि परभणीला जायची सोय नव्हती, म्हणून पहिल्यांदाच गावातल्या मेडिकलात चिठ्ठी घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "म्याडम, ही गोळी कुठंच न्हाई. कोरोनाला चालती म्हणून लोकांनी डबेच्या डबे नेले. तुमाला बी त्याच्यासाठीच पाहिजे ना?" माझ्या मागं माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील उभे होते. जी गोळी मी अठरा वर्षं पोटात घालत होते, जी नसली तर मला सकाळी उठता येत नव्हतं, ती ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांनी भीतीनं घरात भरून ठेवली होती. आणि मी काय म्हणाले? "हो, त्याच्यासाठीच." तिथंच ओरडायला पाहिजे होतं, हक्क सांगायला पाहिजे होता. पण तुमचा तो हळू आवाज माझ्या घशात बसलेला.

गोळी मिळेना, सांधे पेटले. मग दुखणं फारच वाढलं तर म्हणून दिलेली स्टेरॉईडची गोळी मी रोज घ्यायला लागले. एकाची दोन, दोनाची तीन, सगळं माझ्या मनानं. महिनोन्महिने.

शाळा बंद होत्या, पण आम्हा शिक्षकांना घरोघरी पाहणीला लावलं. ताप मोजायचा, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघायचा, फॉर्म भरायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "कुणाला मोठा आजार असेल तर अर्ज द्या, नाव कमी करून घेतो." दोघांनी दिले. मी दिला नाही. भर उन्हात, तोंडाला मास्क, टाचा ठणकतायत, आणि मी दारोदार विचारतेय, "शुगर? बीपी? इतर काही आजार?" एका ओसरीवर एका आजीनं आपले वाकडे झालेले हात पुढं केले. "बाई, ह्यो वात बी लिव्हायचा का?" मी म्हटलं, "लिहायचा, आजी. काही लपवायचं नाही. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला आधी सांगायच्या, आणि लय जपून राहायचं." त्या हसल्या. "तुमाला चांगलं ठावं हाय की!" त्याच दुपारी मी आमच्या घराचा फॉर्म भरला. माझ्या नावापुढं, माझ्याच हातानं. इतर आजार : नाही.

दहा-बारा दिवसांनी ताप आला. तपासणीत निघालंच. अँब्युलन्स दारात आली, सगळी गल्ली खिडक्यांतून बघतेय, आणि सासूबाई कपाटापुढं उभ्या राहून माझी पिशवी भरतायत. त्यांच्यासमोर तो डबा कसा काढू? नाही काढला. वसतिगृहात केलेल्या सेंटरमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?" मी मान हलवली. नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या. मग उठून बसता येईना. डॉक्टर चक्रावले. "ऑक्सिजन बरा आहे, ताप उतरलाय, मग बीपी का पडायलंय?" सलाईन लावून ते पुढच्या पेशंटकडं गेले. एक वयस्कर सिस्टर सुईसाठी शीर शोधत होत्या. त्यांनी माझा हात उलटासुलटा केला. तोंडावरच्या प्लास्टिकच्या पडद्यामागं त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

"बाई, ही बोटं अशी कवापासून हायत?"

मी डोळे मिटून घेतले.

"इकडं बघा. माझ्या बहिणीचे हात असेच हायत. कोणती गोळी चालू हाय? स्टेरॉईड हाय का? बोला, न्हाई तर जीव जाईल तुमचा."

अण्णा, जीव जाईल म्हटल्यावरही मी क्षणभर विचार केला. सांगू की नको. तेवढ्या एका क्षणासाठी मी तुम्हाला माफ करू शकत नाही.

सांगितलं. सिस्टर पळतच गेल्या. इंजेक्शन दिलं, अँब्युलन्समधून परभणीला हलवलं. दोन दिवसांनी तिथले डॉक्टर पलंगाशी उभे राहून चिडून बोलले. "तुम्ही शिक्षिका ना? इतके दिवस बाहेरून स्टेरॉईड घेतल्यावर शरीर आपलं आपण बनवायचं विसरतं. ते एकदम बंद, त्यात हे इन्फेक्शन. तुम्ही कोरोनानं कमी आणि न सांगण्यानं जास्त मरत होता." मग थोडे निवळले. म्हणाले, वात असलेली कितीतरी माणसं साध्या तापासारखी बरी होऊन घरी गेलीत. धोका जास्त त्यांना, ज्यांचा आजार आटोक्यात नाही, ज्यांना स्टेरॉईड जास्त लागतं. "पण आम्हाला कळलं तर आम्ही काही करू ना!"

घरी आले. ती आठवड्याची गोळी डॉक्टरांनी काही दिवस थांबवली होती, त्यामुळं सांधे असे उठले की मला पाण्याचा पेला धरता येईना. एका सकाळी नवरा माझे केस विंचरत होता. तारा गुंडाळणारी बोटं, हलकी. मी रडत म्हटलं, "मी तुम्हाला फसवलं. मला हे लग्नाआधीपासून आहे."

कंगवा थांबला नाही. ते म्हणाले, "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"साखरपुड्याच्या आधीपासून. अण्णा आल्ते दुकानात. म्हणले, पोरीला वात हाय, जन्माचा हाय. पटत असंल तर करा, न्हाई तर मी राग मानणार न्हाई. फकस्त तिला कळू देऊ नका, मी सांगितलं म्हणून. शब्द घेतला माझा."

तुम्हाला वाटलं असेल, की हे ऐकून माझा राग गेला असेल. उलट मी त्या दिवशी जी पेटले ती अजून विझले नाही. तुम्ही त्यांना सांगितलंत! स्वतःच्या जिवावरचा दगड उतरवून ठेवलात आणि माझ्या डोक्यावर तसाच राहू दिलात. अठरा वर्षं मी न्हाणीत गोळ्या गिळल्या आणि दाराबाहेर हा माणूस शब्दाला जागून गप्प बसला. तुम्ही दोघं चांगले ठरलात. एक खरं बोलणारा बाप, एक समजूतदार नवरा. खोटारडी मी एकटीच. एकदा, फक्त एकदा, माहेरी आल्यावर कानात म्हणाला असतात, "सांगितलंय मी, भिऊ नकोस." तुमच्या त्या हळू आवाजातच म्हणाला असतात तरी चाललं असतं.

आता सगळं उघड आहे. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, मग नवव्या दिवशी त्यांनीच तेलाची वाटी गरम करून आणली. लसीच्या रांगेत, वात असलेल्यांनी घेऊ नये म्हणून लोक कुजबुजत होते, तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मला तोच आजार आहे, माझ्या डॉक्टरांना विचारून आलेय आणि घेणार आहे. माझ्या मागच्या दोघी रांग सोडून चालल्या होत्या, त्या थांबल्या. आवाज तुमच्यासारखाच निघाला, असं यांचं म्हणणं.

हे सगळं लिहून झाल्यावर इथं थांबायचं ठरवलं होतं. ही चिठ्ठी कुठं जाणारही नाही, मग एक गोष्ट गाळली तरी कुणाला कळणार आहे? पण बोटं आखडलीत तरी लिहितेच. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी सासऱ्यांनी तुम्हाला विचारलं होतं, "पोरीची तब्येत बरी असती ना?" तुम्ही खाकरलात, सरळ बसलात, बोलायला तोंड उघडलंत. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. तुम्ही खरं सांगून टाकणार हे मला तुमच्या तोंडाकडं बघूनच कळलं होतं. आणि तुमच्या आधी मीच बोलले, "माझं तर कधी डोकंसुद्धा दुखत नाही."